दार हललं नाही

इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून, एक लांबट खोली होती. त्या खोलीत ती शिवणकाम करायची. नवं असं काही शिवायचं नसे. फाटलेल्या चादरी, उसवलेले उशांचे अभ्रे, रोग्यांच्या झग्यांचे तुटलेले बंद, असलंच सगळं. दिवसभर मान खाली आणि पाय मशिनीवर. संध्याकाळी पाठ सरळ करायला गेलं की हाडं कुरकुरायची. मग ती स्वतःशीच म्हणायची, "चला, आवाज येतोय म्हणजे अजून चालू आहोत."

तिनं पन्नाशी ओलांडली होती. लग्न झालं नव्हतं. घरात ती आणि म्हातारी आई अशा दोघीच. धाकटा भाऊ दूरच्या शहरात असायचा. तो दर आठवड्याला न चुकता फोन करायचा आणि न चुकता सांगायचा, "ताई, स्वतःची काळजी घे." आईला उठवणं, न्हाऊ घालणं, औषधं देणं आणि मग इस्पितळ गाठणं, यातून ही काळजी नेमकी कधी घ्यायची, तेवढं मात्र तो सांगत नसे.

गावात लोक तिला 'कुलूपवाल्याची' म्हणायचे. अर्थात पाठीमागं. पण पाठीमागचं बोलणं ऐकू येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्याबद्दल कुणी कधी बोललेलं नसावं.

तिचे वडील पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात पहारेकरी होते. ती शाळेच्या खालच्या वर्गात होती तेव्हा एके दुपारी कारखान्याला आग लागली. आत कागद, पुठ्ठा आणि डिंकाची पिंपं. क्षणात सगळं पेटलं. पुढच्या खोलीतले लोक बाहेर पडले. मागच्या खोलीतले मागच्या दाराकडे धावले, आणि दार उघडलं नाही. वडीलही त्याच दारापाशी, आतल्या बाजूला सापडले.

गाव म्हणायचं, पहारेकऱ्यानं मागचं दार कुलूप लावून बंद केलं होतं. धुरात किल्ली सापडली नाही. लोक गेले आणि तोही गेला. आई म्हणायची, ते बाहेर सुखरूप होते, आतल्यांना काढायला परत गेले आणि तिथंच राहिले. गावाची गोष्ट तिनं शाळेत ऐकली, आईची घरात. शाळेतली ऐकून रडत यायचं आणि घरातली ऐकून डोळे पुसायचे, असं तिचं लहानपण गेलं. पुढे आलेली स्थळं चौकशी करून माघारी फिरली, तेव्हा रडूही येईनासं झालं. माणूस रडण्यालाही कंटाळतं.

अशात एक दिवस सार्वजनिक वाचनालयाच्या फळ्यावर तिनं वाचलं : 'आपल्या गावाचा इतिहास आपण लिहू या. दर रविवारी सकाळी. शिकवणारे : महाविद्यालयातून निवृत्त झालेले इतिहासाचे प्राध्यापक.' रविवारी सकाळी शेजारीण आईजवळ बसायची आणि ती बाजारहाट उरकायची. बाजार दुपारी केला तरी चालेल, असं तिनं ठरवलं. मनात एकच होतं. या कुलपाचा एकदाचा निकाल लावायचा.

वर्गात जेमतेम एक टेबल भरेल इतकी माणसं होती. सर किरकोळ अंगाचे, थकलेल्या डोळ्यांचे. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "आत्ता दारात तुमची नावं कुणी लिहून घेतली?"

"वाचनालयातल्या बाईंनी," सगळे एकदम म्हणाले.

"त्यांच्या साडीचा रंग?"

कुणी हिरवा म्हणालं, कुणी निळा. टपालखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तर साडीवर बारीक फुलं होती असं छातीठोकपणे सांगायला लागले. सरांनी बाईंना आत बोलावलं. त्यांच्या अंगात करड्या रंगाचा पंजाबी ड्रेस होता.

हसू ओसरल्यावर सर म्हणाले, "तुम्ही खोटं बोलला नाहीत. मी साडी म्हणालो, तुम्ही साडी पाहिली. आता चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीचं काय करायचं, ते आपण इथं शिकणार आहोत."

मग प्रत्येकानं आपला विषय सांगायचा होता. तिची पाळी आली.

"पुठ्ठ्याच्या कारखान्याची आग."

"काय शोधायचंय त्यात?"

"माझ्या वडिलांनी कुलूप लावलं नव्हतं, हे."

सरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, हे तुम्ही घरूनच घेऊन आलात. घरून आणलेली वस्तू इथं शोधून कशी मिळणार? शोधायचं असेल तर प्रश्न आणा. त्या दाराचं काय झालं होतं, असा."

तिला राग आला. पण रागावून उठून जायलाही ताकद लागते, आणि आठवडाभराच्या कामानं ती उरली नव्हती. ती बसून राहिली.

पुढच्या रविवारपासून काम सुरू झालं. पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं. एका कार्डावर एकच गोष्ट. वरती आधी लिहायचं की हे कोण सांगतंय, कधी सांगितलं आणि त्याला कसं कळलं. त्याखाली मजकूर, जसाच्या तसा. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जुनी वर्तमानपत्रं बांधून ठेवली होती. त्या बाडांच्या धुळीनं शिंका यायच्या आणि बारीक अक्षरांनी डोळे चुरचुरायचे. सुई ओवून ओवून आधीच अधू झालेल्या डोळ्यांना आता हा जाच. तरी ती आगीच्या दुसऱ्या दिवसापासूनची पानं उलटत गेली.

तिचं पहिलं कार्ड पाहून सर म्हणाले, "हे वाक्य असंच आहे छापलेलं?"

"नाही, छापताना अर्धं राहिलंय. मी पूर्ण केलं. अर्थ लागत नव्हता."

"शिवण इस्पितळात," सर म्हणाले. "इथं फाटलेलं फाटकंच दिसू दे."

तिनं कार्ड पुन्हा लिहिलं. रागावली, पण पुन्हा लिहिलं.

आगीनंतरच्या आठवड्यातल्या कुठल्याच बातमीत कुलपाचा उल्लेख नव्हता. 'मागील दाराने बाहेर पडणे शक्य झाले नाही', एवढंच. चौकशी समिती नेमली गेली होती. समितीचा अहवाल मात्र कुठंच सापडेना. नगरपालिकेनं जिल्ह्याच्या कचेरीत पाठवलं, जिल्ह्याच्या कचेरीनं कामगार खात्यात, आणि कामगार खात्यातल्या माणसानं, "इतकं जुनं आमच्याकडे नसतं, नगरपालिकेत बघा," असं सांगून वर्तुळ पूर्ण केलं. यात तिच्या उरल्यासुरल्या रजा संपल्या. सर म्हणाले, "नाही सापडला, असं कार्ड करा. कुठं कुठं विचारलंत तेही लिहा. उद्या दुसऱ्या कुणाचे जोडे झिजायला नकोत."

कुलूप पहिल्यांदा दिसलं ते दहा वर्षांनंतरच्या एका लेखात. आगीला दशक झालं म्हणून वर्तमानपत्रानं पानभर लिहिलं होतं आणि त्यात वाचलेल्या एका कामगाराच्या तोंडी वाक्य होतं : 'दाराला कुलूप होते.' त्यानंतर मात्र कुलूपच कुलूप. कामगार संघटनेच्या स्मरणिकेत, शाळेच्या वार्षिक अंकात, गावाच्या माहितीपुस्तकात, पुन्हा वर्तमानपत्रात. सगळी कार्डं मांडून ती खचून बसली. इतक्या जणांपुढे एकटी आई कशी टिकणार?

तेवढ्यात तिला काहीतरी खटकलं. आग सोमवारी लागली होती. शाळेचा आठवड्याचा पहिला दिवस होता, हे तिला पक्कं आठवत होतं. पण आता नुसत्या आठवणीवर तिचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून तिनं त्या वेळचं वर्तमानपत्र पुन्हा काढलं. सोमवारच. दशकाच्या लेखात चुकून मंगळवार पडला होता. आणि स्मरणिकेतही मंगळवार, शाळेच्या अंकातही मंगळवार, माहितीपुस्तकातही मंगळवारच.

ती कार्डं घेऊन जवळजवळ धावतच खाली आली.

सरांनी ती एकाखाली एक लावली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसले. "परीक्षेत मुलं एकमेकांची बघून लिहितात ना, ती बरोबर उत्तरांवरून पकडता येत नाहीत. चूक सारखी असली की सापडतात. हे सगळे मिळून एकच साक्षीदार आहेत, बाई. दहा जणांनी एकाचंच ऐकलं, तर ते दहा होत नाहीत."

तो एक साक्षीदार हयात होता. कारखान्यात तो पुठ्ठा कापायच्या यंत्रावर होता. आता सुनेच्या घरी, खिडकीजवळच्या खाटेवर, धापा टाकत बसलेला असायचा. ती कोण हे तिनं सांगितलं.

"तुझा बाप माझ्याकडून विड्या मागून घ्यायचा," तो म्हणाला. "परत कधी केल्या नाहीत."

"काका, त्या दाराला कुलूप तुम्ही पाहिलं होतं?"

"कुलूप? धुरात स्वतःचा हात दिसत नव्हता, पोरी. दार हललं नाही, एवढं मी सांगितलं. आम्ही रेटलं, हललं नाही. मग मी मागं फिरलो आणि खिडकी फोडून पडलो बाहेर."

"पण पेपरात तुमच्या नावावर कुलूप छापलंय."

"तो लिहिणारा म्हणाला, म्हणजे कुलूप असणार. मी म्हणालो, असेल." त्याला खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत सून पाठ चोळत राहिली. "छापून आल्यावर मलाही वाटायला लागलं की होतंच. इतकी वर्षं मी तेच सांगत आलो. आज तू विचारलंस म्हणून आठवून बघितलं."

त्या रविवारी ती वर्गात सगळ्यांच्या आधी पोचली. कार्ड सरांपुढे ठेवलं. "संपलं. कुलूप नव्हतं."

"असं तो म्हणाला?"

"पाहिलं नाही म्हणाला."

"मग तेवढंच लिहा. पाहिलं नाही." सरांनी बाकीची कार्डं चाळली. "आता दुसरी बाजू. वडील बाहेर आले होते आणि परत आत गेले, याचं कार्ड दिसत नाही."

"ते माझी आई सांगते."

"आई त्या वेळी कुठं होत्या?"

ती कार्डांच्या कडा जुळवत राहिली.

"वर काय लिहायचं ते तुम्हाला माहीत आहे," सर हळू आवाजात म्हणाले. "कोण सांगतंय, कधी, आणि कसं कळलं. सगळ्यांना एकच फूटपट्टी, बाई. घरच्यांना वेगळी नाही."

"तुमचं काय जातंय फूटपट्टी लावायला!" ती उठली. "तुमच्या वडिलांना कुणी गावभर खुनी म्हणत नाही!"

पिशवी उचलून ती निघून गेली. सरांनी थांबवलं नाही. दोन-तीन महिने ती वाचनालयाच्या रस्त्यानंही गेली नाही. रविवारी सकाळी बाजार करायची, दुपारी आईच्या पायांना तेल लावायची. पण प्रश्न एकदा डोक्यात शिरला की बाहेरचा रस्ता विसरतो. मशिनीवर बसली की तोच, बसची वाट बघताना तोच. शेवटी एका दुपारी, तेल लावता लावता, तोंडातून निघूनच गेलं.

"आई, बाबा परत आत गेले, हे तुला कुणी सांगितलं?"

आईनं डोळे उघडले. "आता कशाला ते?"

"सांग ना."

"कुणी सांगायचं?" आई छताकडे बघत राहिली. "मी घरी होते. भोंगा वाजला आणि लोक पळायला लागले, तेव्हा कळलं. तू शाळेतून रडत आलीस, मुलं असं असं म्हणतात म्हणून. धाकटा अजून पाळण्यात होता. तुला काहीतरी सांगायला नको? सांगितलं."

"म्हणजे तू रचलंस?"

"रचलं म्हण, नाहीतर काही म्हण. तुझं रडं थांबलं. पुढे माझंही थांबलं."

"मग खरं काय झालं?"

"मला काय माहीत, बाई? कुलूप लावलं असेल, नसेल लावलं. मला एवढंच माहीत आहे की त्या दिवशी यांचा डबा घरी राहिला. मी दारातून हाका मारल्या. ते कोपऱ्यापर्यंत गेले होते, त्यांना ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, जाऊ दे, येतील भूक लागली की."

ती आईचा पाय मांडीवर घेऊन तशीच बसली. रागवावं असं आत कुठंतरी होतं, पण राग येईना. आईनं आयुष्यभर ओढलेलं ओझं तिला आत्ता दिसलं आणि आपलंही. दोघी शेजारी शेजारी ओझी वाहत होत्या, आणि एकमेकींना म्हणत होत्या, हलकंच आहे. जरा वेळानं आई म्हणाली, "तेल गार झालं बघ," आणि ती पुन्हा पाय चोळू लागली.

पुढच्या रविवारी ती वर्गात गेली. सरांनी खुर्ची सरकवून दिली, बाकी काही विचारलं नाही. तिनं नवं कार्ड लिहिलं. वर आईचं नाव, खाली, 'स्वतः पाहिलेले नाही. मुलीचे सांत्वन करण्यासाठी सांगितले, असे त्या म्हणतात.' शेवटचा शब्द लिहिताना पेन अडलं. शाई होती.

सरांच्या सांगण्यावरून ती कारखान्याच्या जागेवरही जाऊन आली. जळालेली इमारत केव्हाच पाडली होती. पण त्याच मालकानं त्याच सुमारास बांधलेली जोडीची इमारत अजून उभी होती. आता तिथं गुदाम होतं. गुदामवाल्यानं, "बघा, बघायला काय लागतंय," म्हणत मागचं दार दाखवलं. जाड लोखंडी दार. ते आत उघडत होतं. म्हणजे आतल्या माणसांनी घोळक्यानं रेटलं, तर कुलूप नसलं तरी ते उघडलं नसतं. ती तिथल्याच एका खोक्यावर बसली.

सरांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फार मोलाचं आहे. आता सांगा, जळालेलं दारही असंच होतं, हे कशावरून?"

यावेळी ती चिडली नाही. तिला तो प्रश्न येताना बसमध्येच पडला होता. "कशावरूनच नाही," ती म्हणाली. "'शक्यता आहे' असं लिहिते."

लिहायला पावसाळा गेला आणि हिवाळाही निम्मा गेला. पहिल्या खर्ड्यात वडील 'निष्पाप' होते. सरांनी त्या शब्दाखाली रेघ मारली. दुसऱ्यात 'बिचारे' होते, तिथंही रेघ. तिसऱ्यात ते नुसतेच 'पहारेकरी' झाले. पहिल्याच परिच्छेदात तिनं लिहिलं की लिहिणारी त्या पहारेकऱ्याची मुलगी आहे, वाचणाऱ्यानं हे लक्षात ठेवून वाचावं. मग काय माहीत आहे ते, काय कुणी म्हटलं ते, आणि कशाचा पत्ता लागला नाही ते. शेवटी लिहिलं, 'दाराला कुलूप होते की नव्हते, हे आज उपलब्ध असलेल्या पुराव्यावरून सांगता येत नाही.' हे एक वाक्य लिहायला एक अख्खा रविवार गेला, आणि संध्याकाळी तिला ताप भरला.

भावाला तिनं लेख पाठवला. फोन लगेच आला.

"ताई, सांगता येत नाही म्हणजे काय? घरचं माणूसच असं लिहायला लागलं तर बाहेरच्यांनी काय करायचं?"

"बाहेरचे करतात तसं मला करायचं नव्हतं."

"आणि आईचं ते सगळं कशाला घातलंस? मी माझ्या मुलांना तेच सांगत आलोय."

"सांग ना. फक्त कुणी सांगितलं, तेही सांग."

त्यानं फोन ठेवला. पुढचे काही आठवडे त्याचा फोन आला नाही. काळजी घे म्हणणारंही कुणी उरलं नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसू फुटलं.

वाचनालयानं वर्गातल्या सगळ्यांच्या लेखांची पुस्तिका काढली आणि एका रविवारी वाचनाचा कार्यक्रम ठेवला. तिनं मान खाली घालून, एका सुरात वाचलं. टाळ्या बेताच्याच पडल्या. आगीत ज्यांचं कुणी ना कुणी गेलं होतं, अशी काही माणसं मागच्या रांगेत होती. कार्यक्रम संपल्यावर त्यांतली एक बाई तिच्यापाशी आली. वयानं तिच्याहून मोठी होती. तिचा भाऊ मागच्या खोलीत गेला होता.

"इतकी वर्षं तुमच्या वडिलांना शिव्या घालून मी झोपायचे," ती बाई म्हणाली. "आता काय करू? तेवढंही काढून घेतलंत."

"मीही आईची गोष्ट उशाशी घेऊन झोपायचे," ती म्हणाली. "आता झोप येत नाही."

बाईनं तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि ती गेली.

गाव काही एका पुस्तिकेनं बदललं नाही. पुढच्या वर्षी आगीच्या दिवशी वर्तमानपत्रात चौकट आली, त्यात कुलूप होतंच. तिनं संपादकांना चार ओळी लिहिल्या. त्या आतल्या पानावर, हरवल्या-सापडल्याच्या शेजारी छापून आल्या. सर म्हणाले, "छापल्या ना? तीस वर्षांनी कुणी बाड उघडलं तर त्याला त्या दिसतील." एवढ्यावर समाधान मानायला माणूस इतिहासाचाच हवा, असं तिला वाटलं. भावाचा फोन पुन्हा सुरू झाला. लेखाबद्दल तो बोलत नसे. आई थकत चालली होती. तिला तो लेख तिनं वाचून दाखवला, तेव्हा डब्याच्या ओळीपाशी आईनं हात वर करून थांबवलं आणि म्हणाली, "हे बरोबर लिहिलंस." बाकीचा ऐकायच्या आत तिचा डोळा लागला.

रविवारचा वर्ग चालूच राहिला. आपण का जातो हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. दमून यायची, दमून जायची. एका रविवारी ती वरच्या मजल्यावर बाडं लावत होती, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. भाऊ गेलेली ती बाई धापा टाकत वर आली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

"माझ्या भावाबद्दल यात कुठं काही आहे का हो? मरण्याचं नको. तो काम काय करायचा, कुठं बसायचा, असलं काही?"

"फार नाही," ती म्हणाली. "त्याच्याबरोबरचे एक काका आहेत अजून, त्यांना विचारता येईल. पण आधी बसा. जिना चढून दमलात."

तिनं खुर्चीवरची धूळ पदरानं झटकली, टेबलावर कोरं कार्ड ठेवलं आणि पेन उघडलं.

"तुम्हाला स्वतःला काय आठवतं, तिथून सुरू करू," ती म्हणाली. "आणि नक्की आठवत नसेल, तर तसंच सांगा."